ट्रायल्स सायकलच्या क्रँकचे आटे का जातात, आणि गेल्यावर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २६ इंची ट्रायल्स सायकल (पाय न टेकता दगड-कठड्यांवर उड्या मारायची), उजव्या क्रँकवर आट्यांनी बसणारं १८ दात्यांचं फ्रीव्हील (एकाच दिशेनं जोर पकडणारं दातेरी चाक), चालवणाऱ्याचं वजन ८० किलो. वर्षभरात दुसऱ्यांदा असं झालं की जोरात किक मारताच पेडल एकदम खाली गेलं आणि चेन जागची हलली नाही. क्रँक काढून पाहिली तर ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघालेले, फ्रीव्हीलच्या आत त्यांची तार अडकलेली. कुणी सांगतं वजन जास्त आहे, कुणी सांगतं क्रँक हलकी आहे. चांगलं चिकटद्रव्य लावून तीच क्रँक पुन्हा वापरता येईल का, वेल्डिंग करता येईल का, आणि नवी घेतली तर तिचंही हेच होणार का?

तुमच्या वजनाला मी दोष देणार नाही. याहून जड माणसं त्याच आट्यांवर वर्षानुवर्षं किक मारतात. माझ्या हाताखालून गेलेल्या क्रँकपैकी बहुतेकींचे आटे शेवटचा श्वास दगडावर किंवा कठड्यावर घेतात हे खरं, पण त्यांना मार बसलेला असतो त्याआधीच, फ्रीव्हील चढवताना किंवा उतरवताना. म्हणून आधी या आट्यांवर नेमकं काय येतं ते समजून घेऊ. ते कळलं की दुरुस्तीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

साध्या सायकलला फ्रीव्हील मागच्या हबवर असतं. समजा पुढे ४४ दाते आणि मागे १८. पेडलवर जेवढा पीळ (टॉर्क) लावाल त्याचा १८/४४, म्हणजे साधारण चाळीस टक्के भागच मागच्या फ्रीव्हीलच्या आट्यांपर्यंत पोहोचतो. ट्रायल्सला फ्रीव्हील थेट क्रँकवर आहे. मध्ये कुठलंही दात्यांचं प्रमाण नाही. डाव्या पेडलचा जोर असो की उजव्या, तो सगळा त्याच एका आट्यांच्या कड्यातून चेनकडे जातो. आता तुमचे आकडे घेऊ. ८० किलोचा माणूस एका पायावर उसळून किक मारतो तेव्हा वजनाच्या दुप्पट जोर सहज येतो, म्हणजे साधारण १५७० न्यूटन. १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर त्याचा पीळ होतो सुमारे २७५ न्यूटन-मीटर. तोच पीळ वरच्या साध्या सायकलीच्या मागच्या हबवर ११२ झाला असता. शिवाय साध्या सायकलवर असा धक्का दिवसातून एकदाही बसत नाही. ट्रायल्समध्ये तो एका संध्याकाळी शेकडो वेळा बसतो.

हा पीळ आट्यांवर येतो कसा, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्रीव्हील उजव्या आट्यानं क्रँकवर चढतं आणि पेडल मारल्यानं आणखी घट्ट होतं. म्हणजे प्रत्येक किक ही एक आवळणीच असते. फ्रीव्हीलची आतली बॉडी क्रँकच्या खांद्यावर टेकलेली आहे, पुढे सरकायला जागा नाही. मग घर्षणात जातो तो सोडून उरलेला पीळ आट्यांना लांबीच्या दिशेनं ओढणाऱ्या ताणात बदलतो. या आट्यांचा व्यास सुमारे ३४.८ मिलिमीटर आहे आणि इंचाला २४ आटे आहेत, म्हणजे एका वेढ्याला १.०५८ मिलिमीटर. इतका बारीक आटा म्हणजे फार सपाट उतार. त्यामुळे थोड्या पिळात प्रचंड ओढ निर्माण होते. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरून मी हिशेब केला, तर २७५ न्यूटन-मीटरला साधारण ४६ किलोन्यूटन ओढ येते. साडेचार टनांच्या वर. तुम्ही किक मारता तेव्हा ॲल्युमिनियमच्या त्या बारीक कंगोऱ्यांना साडेचार टन वजन लटकवल्यासारखं आहे.

तरी ते टिकतात. क्रँकसाठी वापरतात त्या ६०६१-टी६ (टी६ म्हणजे उष्णतेनं कडक केलेल्या) ॲल्युमिनियमची कातरताण सोसायची ताकद सुमारे २०७ मेगापास्कल आहे. सात-आठ वेढे पूर्ण खोलीनं धरलेले असतील तर ते कड्याचं कडं कातरून निघायला माझ्या कागदावरच्या हिशेबानं अकरा टनांच्या आसपास ओढ लागेल. म्हणजे दुपटीहून जास्त मोकळीक आहे. पण फक्त पाच वेढे धरलेले असतील आणि त्यांची टोकं घासलेली असतील, तर तीच ताकद पाच टनांवर येते. आता साडेचारच्या शेजारी पाच ठेवून बघा. एखादी किक नेहमीपेक्षा जरा जास्त लागली, की संपलं. त्यातही ओढ सगळ्या वेढ्यांवर सारखी पसरत नाही. खांद्याजवळचा पहिला-दुसरा वेढा सगळ्यात जास्त भार घेतो. तो सरकला की भार पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. म्हणूनच आटे एकेक करत न जाता क्षणात सगळे जातात आणि तारेसारखे सोलून निघतात.

धक्क्याचं एक कारण फ्रीव्हीलच्या आतही असतं. ७२ ठिकाणी पकडणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये दोन पकडींमध्ये ५ अंशांचं अंतर असतं. १७५ च्या क्रँकवर पेडलपाशी ते १५ मिलिमीटर होतं. कुत्री, म्हणजे आतल्या दात्यांत अडकणारे छोटे खटके, पकडेपर्यंत तुमचा पाय तेवढा मोकळा खाली येऊ शकतो आणि मग एकदम अडतो. १०८ पकडींच्या फ्रीव्हीलला हे अंतर साधारण १० मिलिमीटर राहतं. जास्त पकडी म्हणजे आटे वाचतीलच असं मी म्हणणार नाही, पण घाण ग्रीसमुळे कुत्री उशिरा पडत असतील तर तो ठोका आट्यांना सोसावा लागतो, एवढं नक्की. कुत्रं दात्यावरून निसटून पुढच्या दात्यात पडलं, तर आणखी वाईट. फ्रीव्हील आतून स्वच्छ ठेवणं हे आट्यांसाठीही गरजेचं आहे, ते यासाठी.

आता वेढे कमी का धरले जातात ते बघू. माझ्या मते तुमच्या दोन्ही क्रँकचं उत्तर इथेच कुठेतरी आहे.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मागे घातलेले स्पेसर. चेन सरळ रेषेत येत नाही म्हणून लोक फ्रीव्हील आणि क्रँकचा खांदा यांच्यामध्ये वॉशर टाकतात, किंवा बॅश रिंग (दगडाच्या मारापासून दाते वाचवणारी कडी) तिथे दाबून बसवतात. एक मिलिमीटरचा वॉशर जवळजवळ एक वेढा खातो. तीन मिलिमीटरची जाड बॅश रिंग मध्ये आली तर आठातले पाच उरतात. सायकल दिसायला नीट दिसते, चेन सरळ चालते, आणि आटे अर्ध्यावर लटकलेले असतात. चेनची रेषा जुळवायची असेल तर मागच्या स्प्रॉकेटपाशी जुळवा किंवा बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे फ्रेममधल्या क्रँकच्या बेअरिंगचा, ॲक्सल योग्य लांबीचा घ्या. क्रँकच्या आट्यांची लांबी ही चेनसाठी खर्च करायची गोष्ट नाही. ज्या क्रँकवर बॅश रिंगसाठी वेगळी जागा कोरलेली असते तिथे हा प्रश्न येत नाही, कारण त्या जागेपुढे आटे पुरेसे लांब ठेवलेले असतात. तरीही मोजून बघावं.

मोजायची रीत सोपी आहे आणि मी ती प्रत्येक वेळी करतो. फ्रीव्हील हातानं क्रँकवर चढवताना आटा धरल्यापासून खांद्याला टेकेपर्यंत वेढे मोजायचे. फ्रीव्हीलच्या बॉडीवर मार्करनं ठिपका द्या म्हणजे चूक होत नाही. सातच्या वर आले तर मी निर्धास्त असतो. सहा आले तर विचार करतो. पाच किंवा कमी आले तर ती जोडणी मी कुणालाही चालवायला देत नाही.

दुसरं माप व्हर्नियर कॅलिपरनं घ्यायचं, आट्यांच्या बाहेरच्या व्यासाचं. नवीन क्रँकवर ३४.६ ते ३४.८ च्या आसपास मिळायला हवं. या आट्यांची खोली अवघी ०.६८ मिलिमीटर असते, त्यामुळे व्यासात दिसणारा छोटा फरक प्रत्यक्षात मोठा असतो. ३४.८ चा व्यास ३४.४ वर आला तर प्रत्येक बाजूनं ०.२ मिलिमीटर गेलं, म्हणजे खोलीतला तीस टक्के भाग गेला. अशी क्रँक माझ्यासाठी बाद. एकाच जागी मापू नका, तीन-चार ठिकाणी आणि खांद्याजवळही मापा. तिरकं फ्रीव्हील चढवलेल्या क्रँकवर एका बाजूला व्यास चांगला आणि दुसऱ्या बाजूला कमी असं हमखास दिसतं.

आट्यांच्या जातीचाही घोळ असतो. इंग्रजी माप १.३७ इंच आणि २४ आटे. इटालियन ३५ मिलिमीटर आणि २४ आटे. जुनं फ्रेंच ३४.७ मिलिमीटर, पण वेढा बरोबर १ मिलिमीटरचा. फ्रेंचवर इंग्रजी जबरदस्तीनं चढवलं तर सात वेढ्यांत ०.४ मिलिमीटरची तफावत पडते आणि आटे कापले जातात. इटालियन फ्रीव्हील इंग्रजी आट्यांवर सहज, जरा जास्तच सहज, चढतं. फरक व्यासात फक्त ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.१, पण वर पाहिलंत की इथे मिलिमीटरचा दहावा भागही किती महाग आहे. नव्या ट्रायल्स भागांत हा घोळ सहसा नसतो. जुन्या हबवरून उतरवलेलं फ्रीव्हील क्रँकवर लावायचं असेल तर मात्र तपासा. १६ पेक्षा कमी दात्यांची बीएमएक्सची छोटी फ्रीव्हील ३० मिलिमीटर आणि १ मिलिमीटर वेढ्याच्या वेगळ्याच आट्यांवर बसतात, तिथे गोंधळ व्हायला जागाच नाही.

चढवण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण निम्मे आटे इथे मरतात. व्यास मोठा आणि आटा बारीक असला की तो तिरका धरायला एक अंशाची चूकही पुरते. फ्रीव्हीलची आतली बॉडी कडक केलेल्या पोलादाची, क्रँक ॲल्युमिनियमची. तिरकं चढलं तर पोलाद स्वतःसाठी नवा आटा कापत जातं आणि हाताला फक्त थोडं जड लागतं. लोक समजतात की नवीन आहे म्हणून जड आहे, आणि पाना लावतात.

माझी पद्धत अशी. आधी दोन्ही बाजूंचे आटे टूथब्रश आणि डीग्रीझरनं धुवायचे, कापडानं कोरडे करायचे, नखानं एकेक खाच तपासायची. मग क्रँकच्या आट्यांवर सर्वत्र जाडसर ग्रीस लावायचं. क्रँक आडवी धरून, आट्यांचं तोंड वर करून फ्रीव्हील त्यावर ठेवायचं म्हणजे त्याच्या वजनानंच ते सपाट बसतं. मग उलट्या दिशेनं हळूहळू फिरवायचं. आट्याचं टोक टोकावरून घसरलं की हलकी टक असा आवाज येतो आणि फ्रीव्हील किंचित खाली बसतं. तिथून सुलट फिरवायचं, दोन बोटांनी. शेवटच्या वेढ्यापर्यंत दोन बोटांनी गेलं पाहिजे. कुठेही अडलं तर थांबायचं, काढायचं, पाहायचं. मधेच अडलेल्या फ्रीव्हीलला पाना लावायची वेळ कधीच येत नाही, हे मनात पक्कं करा.

ग्रीस लावल्यानं घर्षण कमी होतं आणि त्यामुळे तेवढ्याच पिळाला ओढ वाढते, हा आक्षेप बरोबर आहे. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर माझ्या हिशेबात ओढ साडेतीन टनांवर येते, म्हणजे कोरडे आटे कागदावर जास्त सुरक्षित दिसतात. तरी मी ग्रीसच लावतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम कोरडे एकमेकांवर घासले की ॲल्युमिनियमचे कण उचलले जाऊन पोलादाला चिकटतात, आणि पुढच्या वेळी फ्रीव्हील काढताना तेच कण कानशीसारखे काम करतात. पाणी आत गेलं तर दोन धातूंमध्ये गंज धरतो तो वेगळाच. एका टनाची मोकळीक देऊन मी आट्यांचं आयुष्य विकत घेतो, आणि वेढे पूर्ण धरलेले असतील तर ती मोकळीक परवडते.

हातानं टेकवलेलं फ्रीव्हील तसंच ठेवून पहिल्याच दिवशी मोठी किक मारणं ही आणखी एक चूक. टेकल्यावरही फ्रीव्हीलला थोडं फिरायला वाव असतो. पहिली किक ते एका झटक्यात फिरवते आणि खांद्यावर आदळवते. त्यापेक्षा क्रँक सायकलवर बसवा, मागचा ब्रेक घट्ट दाबा, क्रँक आडवी ठेवून पुढच्या पेडलवर हळूहळू वजन टाका. आधी अर्धं, मग पूर्ण, मग पूर्ण वजनानं थोडं दाबून. क्रँकची जागा बदलून हे आठ-दहा वेळा करा. आवळणी सावकाश पूर्ण होते आणि पुढच्या किका बसलेल्या सांध्यावर पडतात.

उतरवणं हे चढवण्यापेक्षाही धोक्याचं आहे. महिनोन् महिने २०० न्यूटन-मीटरच्या वर आवळल्या गेलेल्या फ्रीव्हीलला सोडवायला तेवढाच किंवा त्याहून जास्त पीळ लागतो. रिमूव्हरचे चार दात फ्रीव्हीलच्या खाचांत धरायचे आणि ते निसटू नयेत म्हणून क्रँकच्या भोकातून लांब बोल्ट घालून रिमूव्हर दाबून ठेवायचा, ही रीत बरोबरच आहे. चूक होते ती पुढे. फ्रीव्हील सुटायला लागलं की ते एका वेढ्याला एक मिलिमीटर बाहेर येतं, पण बोल्टनं वाट अडवलेली असते. मग फ्रीव्हील बोल्टला ढकलतं आणि आट्यांना उलट्या दिशेनं ओढतं. हातात लांब पाइप असतो, जोर भरपूर असतो, आणि सगळे आटे बाहेर येतात. मी स्वतः एकदा असेच तीन वेढे स्प्रिंगसारखे काढले आहेत आणि ती क्रँक नवीकोरी होती. त्या दिवसापासून माझा नियम आहे: पहिली टक ऐकू आली, अर्धा वेढा सुटला, की पाइप खाली ठेवायचा, बोल्ट दोन फेरे सैल करायचा आणि मगच पुढे जायचं. नंतर तर हातानंच फिरतं.

सुटतच नसेल तर लोक टॉर्च घेऊन तापवायला बसतात. इथे ते उलटं काम करतं. ॲल्युमिनियम आत आहे आणि पोलाद बाहेर. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोन्ही तापले की आतला भाग बाहेरच्यात आणखी घट्ट बसतो, आणि जास्त तापवलं तर क्रँकचं टेंपर, म्हणजे धातूचा कडकपणा, उतरतो ते निराळं. क्रँक फ्रीव्हीलसकट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, पण अडलेल्या आट्याला तेवढा पुरतो. बाहेर काढल्याबरोबर व्हाइसमध्ये रिमूव्हर धरून क्रँकलाच दांडा म्हणून फिरवा.

त्यानंही हललं नाही तर फ्रीव्हील बळी द्या आणि क्रँक वाचवा. बहुतेक फ्रीव्हीलचं वरचं झाकण डाव्या आट्याचं असतं. दोन भोकांत पिन पाना घालून ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. दात्यांची बाहेरची कडी, बारीक गोळ्या, कुत्री सगळं निघतं आणि आतली बॉडी उघडी पडते. ती व्हाइसच्या जबड्यात करकचून धरता येते, रिमूव्हर निसटण्याचा प्रश्नच उरत नाही. घासलेल्या फ्रीव्हीलसाठी चांगली क्रँक पणाला लावू नका. तुमच्या बाबतीत मला शंका अशी आहे की दर थोड्या दिवसांनी साफ करायला फ्रीव्हील क्रँकवरून काढलं जात असावं. तसं असेल तर ते थांबवा. आतली साफसफाई झाकण उघडून, बॉडी क्रँकवर ठेवूनच होते. या आट्यांना चढ-उताराची संख्या मोजून दिलेली असते असं समजा.

आता तुमचा मूळ प्रश्न, दुरुस्तीचा.

आटे पूर्ण सोलून गेले असतील तर चिकटद्रव्यानं काही होणार नाही. इपॉक्सी किंवा लोखंडी पुटी दाबाला बरी असते, पण ठोक्याला तडकते, आणि इथे ठोक्याशिवाय दुसरं काही नाही. गोल भाग घट्ट बसवायला यंत्रांत वापरतात ती जास्त ताकदीची द्रव्यं खरोखर चांगली आहेत. पण ती धातूला धातू जवळपास भिडलेला असताना, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीत काम करतात. सोललेल्या आट्यांत फट त्याहून मोठी आणि ओबडधोबड असते, वर ग्रीस मुरलेलं असतं. ते द्रव्य नंतर सोडवायला साधारण २५० अंश सेल्सियस उष्णता लागते. ६०६१-टी६ ला त्याची ताकद देण्याची भट्टीच १७५ अंशांच्या आसपास चालते. म्हणजे फ्रीव्हील काढायला तापवाल तेव्हा क्रँक मऊ कराल. डब्याचा पत्रा गुंडाळणं, टेफ्लॉनची पट्टी लावणं, असले उपायही मी पाहिले आहेत. गॅरेजमध्ये फिरवून बघताना घट्ट लागतं, पहिल्या उडीला सुटतं.

वेल्डिंगबद्दल. पोलादी फ्रीव्हील ॲल्युमिनियमच्या क्रँकला नेहमीच्या वेल्डिंगनं जोडता येत नाही, तो विषय तिथेच संपला. ॲल्युमिनियम भरून पुन्हा आटे कापायचे, हे ६०६१ वर करता येतं. पण वेल्डच्या आसपासचा भाग टी६ ची ताकद गमावतो, आणि नेमक्या त्याच भागाला साडेचार टन पेलायचे आहेत. शिवाय त्याला लागूनच ॲक्सलचं भोक आहे, आयसिस पद्धतीची जोडणी असेल तर दहा खाचांचं. ते उष्णतेनं जरा जरी वाकडं झालं तर क्रँक ॲक्सलवरही डुलणार. ७०७५ या मिश्रधातूची क्रँक असेल तर विचारही करू नका, ते वेल्डमध्ये तडकतं. आटे कातून काढून त्यावर पोलादी बाही बसवायची आणि बाहीवर आटे कापायचे, हे चांगला टर्नर करू शकतो. पण भिंत पातळ होते आणि क्रँक लेथवर ॲक्सलच्या मध्यावर अचूक धरणं अवघड असतं. जिचे सुटे भाग मिळतच नाहीत अशा जुन्या, जपून ठेवण्याच्या सायकलसाठी ते ठीक. ज्या क्रँकवर तुम्ही दोन कठड्यांमधून उडी मारणार आहात तिच्यासाठी नाही.

वाचवता येते ती फक्त अर्धवट दुखावलेली क्रँक. सुरुवातीचा एक-दीड वेढा दबलेला किंवा तिरका कापलेला आहे, बाकीचे निरोगी आहेत, व्यास मापात आहे, अशी. तिथे इंचाला २४ आट्यांची थ्रेड कानस घ्या. ती चौकोनी पट्टी असते, प्रत्येक बाजूला वेगळी पिच असते. निरोगी वेढ्यात कानशीचे दात बसवून तिथून दुखऱ्या भागाकडे, आट्याच्या वळणानं घासत जा. कानस स्वतः वाट पकडते. हे काम सावकाश करायचं, धातू काढायचा नसतो तर फक्त आडवी पडलेली टोकं उभी करायची असतात. कानस मिळत नसेल तर त्याच मापाच्या जुन्या फ्रीव्हीलची आतली बॉडी घेऊन ग्राइंडरनं तिच्या आट्यांना आडव्या तीन खाचा पाडा. कडक पोलाद असल्यानं ती डायसारखी, म्हणजे आटे कापायच्या हत्यारासारखी, काम करते. चांगल्या बाजूनं सुरू करता येत नाही हा तिचा तोटा, म्हणून ती सरळ धरली आहे याची दहादा खात्री करा. तपासायला आणखी एक सोय आहे: इंग्रजी मापाच्या बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंगही १.३७ इंच आणि २४ आट्यांचीच असते. ती बोटांनी शेवटपर्यंत फिरली तर तुमचे आटे सरळ झाले. मग वेढे मोजा. दुखरा वेढा वजा करून सहाहून जास्त चांगले उरत असतील तरच वापरा.

इथे मी एवढा काटेकोर का आहे ते सांगायला हवं. साध्या सायकलचं फ्रीव्हील सुटलं तर पेडल रिकामं फिरतं आणि माणूस बसल्या जागी बसलेला असतो. ट्रायल्स सायकलला बसायला सीटच नसते. पूर्ण ताकदीनं मारलेल्या किकेत आधार निघून गेला की पाय सरळ खाली जातो, छाती हँडल धरणाऱ्या स्टेमवर आदळते आणि तेव्हा सायकल बहुधा दोन अडथळ्यांच्या मध्ये हवेत असते. माझ्या ओळखीतल्या एका तरुण चालकाचं मनगट असंच मोडलं. त्याच्या फ्रीव्हीलनं आधी दोन आठवडे सूचना दिली होती. किक मारताना पेडल केसभर पुढे सरकल्यासारखं वाटायचं, आणि त्याला ते फ्रीव्हीलच्या कुत्र्यांचं वाटलं.

त्या सूचना ओळखायला शिका. आटे जायला लागले की क्रँक काढल्यावर फ्रीव्हीलच्या आतल्या कडेला करडा-काळा लगदा दिसतो, तो ग्रीसमध्ये मिसळलेला ॲल्युमिनियमचा भुगा असतो. फ्रीव्हील हातानं डोलवल्यावर आतली बॉडीच क्रँकवर हलते. बाहेरची कडी थोडी हलणं बेअरिंगचं लक्षण आहे, बॉडी हलणं मात्र नाही. सगळ्यात भरवशाची खूण तुम्ही स्वतः करून ठेवायची: फ्रीव्हील बसवून, ब्रेक दाबून वजनानं आवळून झालं की क्रँक पुन्हा काढा आणि फ्रीव्हीलची आतली बॉडी व क्रँकच्या आट्यांचं टोक यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या सरावात ती रेघ किंचित तुटेल, तेवढी आवळणी अपेक्षित आहे. तेव्हा नवी रेघ ओढा. त्यानंतर ती पुन्हा सरकली तर बॉडीला पुढे जायला जागा आटेच करून देत आहेत. दर महिन्याला बघायला पाच मिनिटं लागतात.

तुमच्यासाठी म्हणून माझं सांगणं असं. दोन्ही जुन्या क्रँक बाद करा. नवी घ्याल ती क्रँक आणि फ्रीव्हील दोन्ही सुटे असताना वेढे मोजून घ्या, आणि आट्यांची लांबी जास्त असलेली निवडा, थोडी जड असली तरी. जुनं फ्रीव्हील लगेच नव्या क्रँकवर चढवू नका. दोनदा आटे सोलून निघाले तेव्हा ॲल्युमिनियमची तार त्याच्या आत रुतलेली आहे, आणि ती राहिली तर तिसरी क्रँकही पहिल्या दिवशीच दुखावेल. टोकदार सुईनं आणि पितळी ब्रशनं प्रत्येक खाच साफ करा, मग बॉटम ब्रॅकेटचा डावा, म्हणजे उजव्या आट्याचा कप त्यात हातानं फिरवून बघा. शेवटपर्यंत बोटांनी गेला तर फ्रीव्हील चालेल. अडला तर तेही बदला. आणि आता त्या फ्रीव्हीलमागे जो काही वॉशर किंवा बॅश रिंग आहे, ती आधी मोजा. किती जाडीची निघते ते मला कळवा. माझा अंदाज आहे की ती दोन मिलिमीटरच्या वर असेल.